पापण्या सगळ्यात शेवटी: ॲनिमेशन मालिकेसाठी स्त्रीपात्र घडवताना

स्त्रीपात्र बिघडतं ते बहुतेक वेळा चित्र काढायच्या आधीच. नायकाचं चित्र तयार असतं, पात्रांच्या यादीत ‘एक मुलगी’ एवढंच लिहिलेलं असतं. चित्रकार नायकाच्याच चेहऱ्याला पापण्या लावतो, केसांना रिबन बांधतो, कमरेला बाक देतो आणि मोकळा होतो. ते चित्र लेखकाच्या हातात पडतं. त्यावरून तिच्याबद्दल कळतं ते इतकंच की ती मुलगी आहे, म्हणून तोही तितकंच लिहितो. मग पुढचा अख्खा सीझन तिच्या वाट्याला ‘सांभाळ!’, ‘आता काय करायचं?’ आणि ‘तुला जमेल!’ हे तीन संवाद.

इथे सांगितलेली पद्धत याच्या नेमकी उलट आहे. ती काय करते ते आधी ठरवायचं, त्यातून तिचं शरीर काढायचं, आणि ती मुलगी आहे हे कशावरून ओळखायचं तो प्रश्न अगदी शेवटी घ्यायचा. बऱ्याचदा तोवर तो प्रश्न उरलेलाच नसतो.

आधी डोकी मोजा

‘द स्मर्फ्स’ ही मालिका १९८१ साली सुरू झाली. त्यातल्या निळ्या बुटक्यांना एकेक गुण वाटून दिलेला: कुणी आळशी, कुणी चिडका, कुणी शहाणा. स्मर्फेटच्या वाट्याला आलेला गुण कोणता? तर ती मुलगी आहे. कॅथा पॉलिट यांनी १९९१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमधल्या लेखात या मांडणीला ‘स्मर्फेट तत्त्व’ असं नाव दिलं आणि ते चिकटलं.

लेखकाच्या टेबलावर यातून एक सरळ अडचण उभी राहते. टोळीत मुलगी एकटीच असेल, तर तिला सगळ्या मुलींच्या वतीने वागावं लागतं. ती भित्री दाखवली की ‘मुली भित्र्या’, हावरट दाखवली की ‘मुली हावरट’. त्यामुळे लेखक तिला काहीच दाखवत नाही. ती समजूतदार होऊन कोपऱ्यात उभी राहते. दुसरी मुलगी आली की पहिलीला भित्रं व्हायची मोकळीक मिळते, आणि तिसरी आली की कुणीच काही मोजत बसत नाही. म्हणून मुख्य पाच पात्रांत किमान दोन स्त्रीपात्रं हवीत, तीन असली तर उत्तम. त्यातली निदान एक नायकाच्या वयाची नसावी.

प्राणी किंवा यंत्रमानवांची मालिका असेल, तर मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एका सापळ्याकडे बघावं. आपलं व्याकरण आपल्या नकळत पात्रांची निवड करून टाकतं. वाघ, सिंह, हत्ती, गरुड हे ‘तो’. चिमणी, मैना, खार, मुंगी या ‘ती’. न ठरवता यादी केली की ताकदवान ते सगळे पुरुष आणि चिवचिवणाऱ्या त्या सगळ्या बायका. मग घार, मगर, घोरपड यांच्याकडे वळा. त्याही ‘ती’च आहेत, पण त्यांना कुणी रिबन बांधायला जात नाही.

गर्दीचीही मोजणी करा. स्क्रिप्टमध्ये ‘तीन पहारेकरी येतात’ असं असलं की स्टोरीबोर्डवर, म्हणजे प्रसंगांच्या क्रमवार कच्च्या चित्रांत, हमखास तीन पुरुष येतात. ‘तीन पहारेकरी, पुढे असलेली वयस्क बाई’ असं लिहून द्यावं लागतं. गर्दीतल्या माणसांच्या नमुना-चित्रांची शीट तर सीझनभर वापरली जाते. त्यातल्या १२ आकृत्यांत ३ बायका असतील, तर बाजार, सैन्य, शाळा, सगळीकडे चारातली एकच बाई दिसणार. हे पहिल्या आठवड्यात सुधारलं तर मोजकीच चित्रं काढावी लागतात, सहाव्या भागानंतर सुधारायचं म्हटलं तर निर्माता ऐकूनच घेत नाही.

विशेषण न लावता चार ओळी

मालिकेच्या बायबलमध्ये, म्हणजे पात्रं आणि नियम नोंदलेल्या वहीत, प्रत्येक पात्राला एखादं पान मिळतं. ते लिहिण्याआधी चार ओळी लिहा. तिला काय हवंय? त्यासाठी ती असं काय करते जे बाकीचे करणार नाहीत? ती वारंवार कुठे चुकते? आणि ती काय लपवते? धाडसी, प्रेमळ, हुशार, खंबीर ही विशेषणं या पानावर बंद. ‘धाडसी’ कसं काढायचं? स्टोरीबोर्ड काढणाऱ्याला क्रियापद लागतं.

उदाहरणादाखल एक मुलगी घेऊ, वय १३, नकाशे काढणारी. तिला नकाशातला कोरा भाग भरायचाय. त्यासाठी ती रात्री एकटी पावलं मोजत फिरते. रस्ता चुकला तरी ती ते कबूल करत नाही, ही तिची नेहमीची चूक. आणि तिला लांबचं नीट दिसत नाही, हे ती सगळ्यांपासून लपवते.

आता टोळी एका फाट्यापाशी आली. चार ओळी नसताना लिहिलेला प्रसंग असा:

नायक: डावीकडून जाऊ.
ती: सांभाळून! तिकडे धोका असेल!

हा संवाद कुणाच्याही तोंडी घाला, काही बिघडत नाही. म्हणजे तो कुणाचाच नाही. चार ओळी हाताशी असल्या की तोच प्रसंग असा होतो. फाट्यावर लांब एक पाटी आहे. सगळे नकाशावालीकडे बघतात. ती नकाशा उलटा धरते, सुलटा करते.

ती: डावीकडे.
मैत्रीण: पाटीवर काय लिहिलंय?
ती: तेच. डावीकडे.

पाटीवर ‘पूल तुटला आहे’ असं लिहिलंय, हे प्रेक्षकाला दिसतं. विनोद झाला, ताण आला, पुढच्या चार मिनिटांची गोष्ट सुरू झाली, आणि हे सगळं तिच्यामुळे.

‘कणखर स्त्रीपात्र’ लिहिताना गाडी रुळावरून घसरते ती इथेच. तिला कमकुवत दाखवायचं नाही या धाकाने तिची चूकच काढून घेतली जाते. ती प्रत्येक लढाई जिंकते, प्रत्येक वेळी बरोबर असते, आणि वेंधळ्या नायकाकडे बघून डोळे फिरवते. वरवर हा मान वाटतो, पण मालिकेत चूक ज्याची, गोष्ट त्याची. जी कधीच चुकत नाही तिच्यावर भाग लिहिता येत नाही. दुसऱ्या सीझनपर्यंत ती नायकाची शिक्षिका होते, तिसऱ्यात त्याचं बक्षीस.

पहिला खर्डा झाला की तीन तपासण्या करा. पहिली रंगीत पेनाची: ११ मिनिटांच्या स्क्रिप्टमधल्या प्रत्येक प्रसंगासमोर, पुढचं पाऊल कुणाच्या निर्णयामुळे पडलं ते नाव लिहा. तिचं नाव एकदाही आलं नाही, तर तिला संवाद कितीही असोत, ती प्रेक्षकच आहे. संवाद वाढवून हे सुटत नाही. कुणाचा तरी निर्णय काढून तिला द्यावा लागतो.

दुसरी तपासणी मराठीतच नीट जमते. तिचे सगळे संवाद पुल्लिंगात लिहून काढा: ‘मी जाते’चं ‘मी जातो’, ‘मला वाटलं मी चुकले’चं ‘चुकलो’. इंग्रजीत नाव बदललं की काम भागतं. इथे जवळजवळ प्रत्येक ओळीला हात लावावा लागतो, आणि त्या निमित्ताने प्रत्येक ओळ वाचली जाते. पुल्लिंगात जी ओळ एकदम विचित्र वाटेल तिच्याखाली रेघ मारा. ‘तुम्ही सगळे बरे आहात ना?’ हे दर प्रसंगाच्या शेवटी तीच का विचारते, असले प्रश्न तेव्हा सुचतात. विचित्र वाटणारी प्रत्येक ओळ काढायचीच असं नाही. ती स्वभावातून आली आहे की सवयीने, एवढं बघायचं.

तिसरी बेक्डेल चाचणी. ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका कॉमिक स्ट्रिपमधून ती आली: दोन स्त्रीपात्रं असावीत, त्यांनी एकमेकींशी बोलावं, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलावं. एका भागाला ती लावू नका, ११ मिनिटांत चांगला भागसुद्धा नापास होऊ शकतो. सीझनच्या २६ भागांना एकदम लावा. निम्म्याहून जास्त नापास झाले, तर दोष भागांत नसून पात्रांच्या यादीत आहे.

आता शरीर

चित्राला हात घालताना त्या चार ओळी समोर ठेवा. नकाशावालीला लांबचं दिसत नाही, म्हणजे तिची मान पुढे आलेली, खांदे किंचित गोल. पाठीवर नकाशांची लांब नळी, तिरकी. एक हात सतत कशाला तरी टेकलेला. एवढ्यावर तिची बाह्याकृती तयार झाली, आणि अजून तिच्या तोंडावर एक रेघसुद्धा नाही.

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’मधली टॉफ इथे बघण्यासारखी आहे. निर्मात्यांच्या मूळ कल्पनेत ते पात्र एक धिप्पाड मुलगा होतं. पुढे तिथे १२ वर्षांची, बुटकी, आंधळी मुलगी आली, पण बदल नुसता कपड्यांचा राहिला नाही. ती जमिनीतली कंपनं तळव्यांनी ओळखते, म्हणून अनवाणी असते. तिच्या हालचालींसाठी त्या मालिकेतल्या बाकीच्या भूमी-योद्ध्यांपेक्षा (माती-दगड हलवू शकणाऱ्यांपेक्षा) वेगळी, दक्षिण चीनमधली प्रार्थना-कीटकाच्या (प्रेइंग मँटिसच्या) नावाची कुंगफू शैली घेतली. पावलं ठाम रोवलेली, हात जवळून आणि तुटक चालणारे. कौशल्यातून पाय आले, पायांतून चाल आली.

बाह्याकृती तपासायची रीत जुनीच आहे: चित्र दोन सेंटिमीटर उंचीचं करा, आतून काळं भरा, आणि टोळीतल्या सगळ्यांना एका रांगेत ठेवा. कोण कोण ते ओळखू आलं पाहिजे. बऱ्याच मालिकांत पुरुष-पात्रं चौकोनी, त्रिकोणी, गोल, काडीसारखी, अशी तऱ्हेतऱ्हेची असतात आणि स्त्रीपात्रं सगळी वाळूच्या घड्याळासारखी. त्या रांगेतून केस पुसून टाका. उरलेल्या आकृत्या एकसारख्या दिसल्या, तर तुमच्याकडे एकच मुलगी आहे आणि तिचे चार टोप.

उंची डोक्याच्या मापात ठरवा. खऱ्या प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी. कार्टून शैलीतलं लहान मूल अडीच ते चार डोक्यांचं, १३ वर्षांची मुलगी पाचच्या आसपास, प्रौढ सहा ते सात. ही मापं ठरलेल्या शैलीप्रमाणे खालीवर होतील, पण मुलगे-मुली दोघांना एकच पट्टी लावा. नेहमी होणारी चूक अशी: बाप सात डोक्यांचा आणि आई साडेपाचची, डोळे मुलीएवढे, हनुवटी मुलीपेक्षा लहान. शेजारी उभी राहिली की ती मोठी बहीण वाटते. आईचं वय पांढऱ्या बटेने दाखवू नका. जबड्याची रुंदी, मानेची जाडी, पापणीवरची घडी आणि बसताना-उठताना लागणारा वेळ, यांतून वय दिसतं.

चेहरा

सगळ्या मुलींचा एकच चेहरा होण्यामागे कारण असतं. चित्रकाराला ‘सुंदर’ची एक सुरक्षित मापपट्टी पाठ झालेली असते: मोठे डोळे, बारीक नाक, निमुळती हनुवटी. थ्रीडीत तर खर्च वाचवायला एकच मूळ डोकं सगळ्या स्त्रीपात्रांना वापरतात. मूळ डोकं एकच ठेवायचं असेल, तरी चार गोष्टी स्वस्तात हलवता येतात: दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाची लांबी, जबड्याची रुंदी, कपाळाची उंची. प्रत्येकीत यातल्या दोन तरी ठळकपणे बदला. डोळ्यांचा रंग बदलणं यात धरू नका, तो लांबच्या शॉटमध्ये दिसतच नाही.

याला एक अपवाद. ‘पॉवरपफ गर्ल्स’मधल्या तिघींचं शरीर एकच आहे, फरक फक्त केस, डोळे आणि रंगांचा. ते चालतं, कारण तिघी एकाच पाककृतीतून तयार झालेल्या बहिणी आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकींशी सतत टक्कर घेतात. सारखेपणा ठरवून आलेला असेल, तर तो डिझाइनचाच भाग.

हावभावांच्या शीटवर कमीत कमी दहा चेहरे काढा, आणि त्यातले तीन मुद्दाम कुरूप: शिंक येण्याआधीचा, मत्सराचा, हसून हसून नाकातून आवाज निघतो तेव्हाचा. ही शीट गोड चेहऱ्यांनीच भरली, तर पुढचा ॲनिमेटर तिला कधीच वाकडंतिकडं करणार नाही, कारण ‘मॉडेलमध्ये नाही’, म्हणजे पात्राच्या ठरलेल्या नमुना-चित्रांत नाही. विनोद मग मुलांच्या वाट्याला जातो. कित्येक मालिकांत मुली विनोदी नसतात त्याचं कारण लेखनात शोधतात. निम्मं कारण या शीटवर असतं.

आता पापण्या. पापणीचा एकेक केस सुटा काढलात, तर लांबच्या शॉटमध्ये त्यांचा काळा ठिपका होतो. वरच्या पापणीची एकच जाड रेघ घ्या, फार तर बाहेरच्या कोपऱ्याला एक टोक. डोळे मिटल्यावर पापण्यांची टोकं खाली वळली पाहिजेत. त्यासाठी मिटलेल्या डोळ्याचं चित्र वेगळं लागतं; उघड्या डोळ्याचंच दाबून चपटं केलं, तर मिटल्या डोळ्यांवर पापण्या वर ताठ उभ्या राहतात. आणि मुलग्यांना पापण्या नाहीत, मुलींना आहेत, असा नियम तुमच्या मालिकेत आपोआप तयार झालाय का, तेही एकदा बघा.

केस आणि कपडे: पैसे इथे जातात

हिशेब करून बघा. ११ मिनिटं म्हणजे ६६० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे भागाला ७,९२०. ती एक तृतीयांश वेळ पडद्यावर असली, तर तिची २,६४० चित्रं. हाताने काढत असाल, तर कानातलं प्रत्येक डूल तितक्या वेळा निघणार. कट-आउट रिगमध्ये (सुटे तुकडे सांध्यांवर जोडून हलवायच्या संगणकातल्या बाहुलीत) ते एकदाच काढायचं असतं खरं, पण डोकं वळताना ते गालावरून उडी मारतं, आणि ती उडी दर वेळी कुणाला तरी बसून सुधारावी लागते. एकच दागिना ठेवायचा असेल तर तो गोष्टीत उपयोगी पडणारा आणि दिसण्याइतका मोठा ठेवा.

मोकळे लांब केस चित्रात देखणे दिसतात आणि रिगमध्ये रडवतात. केस तीन ते पाच मोठ्या आकारांत बांधा: पुढची झुलपं, दोन बाजू, मागचा भाग. मागचा भाग धडाच्या मागच्या लेयरवर (थरावर) आणि पुढचा चेहऱ्याच्या वर, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नाहीतर ती पाठमोरी झाली की केस खांद्याच्या आत शिरतात. वेणी चांगली: चार-पाच सांधे दिले की मागून लहरत येते, आणि मूडसुद्धा दाखवते. फक्त वेणी डोक्याच्या दोन-तीन फ्रेम उशिरा थांबली पाहिजे. डोक्याबरोबरच थांबली तर काठीसारखी दिसते.

घेरदार स्कर्टमध्ये चालीच्या प्रत्येक पावलाला गुडघा काठाबाहेर डोकावतो. स्कर्टचा पुढचा आणि मागचा काठ वेगवेगळे लेयर करा, आणि चालीच्या मुख्य पोझेसना काठ हाताने बसवा. पायघोळ झग्यात पाय दिसत नाहीत, म्हणून चाल स्वस्त पडते. पण मग लेखक तिला भिंतीवर चढवतो आणि बजेट कोसळतं. लेखकाला विचारा: सीझनमध्ये ती किती वेळा धावते, चढते, पडते? त्या उत्तरावर कपडे ठरवा. नक्षीदार कापड टाळा. घडीबरोबर नक्षी वळवावी लागते, नाही वळवली तर कापडाऐवजी भिंतीवरचा कागद वाटतो.

रंग ठरल्यावर सगळी टोळी एकदा काळ्या-पांढऱ्यात बघा. ती एकटीच फिक्या गुलाबीत आणि बाकी सगळे गडद असतील, तर उजेडाच्या प्रसंगात ती पार्श्वभूमीत विरघळते.

उभं राहणं, चालणं, बोलणं

कंबर एका बाजूला काढलेली आणि हात कमरेवर, ही पोझ एका पात्राला द्या आणि बाकीच्यांना मनाई करा. प्रत्येकीच्या सहा पोझेस काढा: वाट बघत उभी, बसलेली, जड ओझं उचलताना, चिडलेली, लपलेली, झोपलेली. मग दोघींची डोकी अदलाबदल करून बघा. अदलाबदल कळली नाही, तर पोझेस पुन्हा काढा.

साधी चाल १२ फ्रेमना एक पाऊल, धावणं ६ ते ८. एका रेषेत पावलं आणि डुलणारी कंबर ही सगळ्या स्त्रियांची चाल नव्हे, ती मॉडेलची रॅम्पवरची चाल. ओझं, घाई, वय, बूट यांवरून चाल ठरवा. नकाशावाली पावलं मोजते, म्हणून तिची पावलं सारख्या अंतराची, आणि ती अचानक थांबते. खोटं बोलताना मात्र अंतर बिघडतं. हे एकदा रिगमध्ये बसलं की दर भागात फुकट मिळतं.

आवाजाबद्दल थोडंच: मोठ्या बाईला बारीक आवाज देऊ नका, आणि रेकॉर्डिंगच्या यादीत ‘किंचाळी’ सोडून धाप, कण्हणं, जोर लावतानाचा हुंकार हेही लिहा. ते नसलं की मारामारीत मुलग्यांचा हुंकार ऐकू येतो आणि मुलींची नुसती किंकाळी. ओठांचा तक्ता, म्हणजे प्रत्येक उच्चाराला तोंड कसं दिसतं त्याची चित्रं, मुलग्यांच्या ओठांवर गुलाबी भरून करू नका. ‘आ’ म्हणताना भरलेले ओठ ताणले गेले, तर त्यांची जाडी कमी करावी लागते, नाहीतर तोंडात दुसरं तोंड दिसतं.

ॲनिमॅटिकनंतर

पहिल्या भागाचं ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार आवाजासह जोडलेला कच्चा व्हिडिओ) आवाज बंद करून बघा. ती प्रसंगात काय करत होती हे आवाजाशिवाय सांगता आलं पाहिजे. मग प्रत्येक शॉटला ती चौकटीत कुठे आहे ते बघा: नायकाच्या मागे, कडेला, प्रतिक्रिया देत? तिच्या वाट्याचे बहुतेक शॉट इतरांकडे बघण्याचे निघाले, तर स्टोरीबोर्ड परत पाठवा. स्क्रिप्ट बरोबर असूनही हे होतं.

आणि पात्राच्या नमुना-चित्रांच्या मॉडेल शीटला एक पान आणखी जोडा: चुकीच्या चित्रांचं. ॲनिमेशन दुसऱ्या स्टुडिओत होणार असेल तर हे पान बाकीच्या सगळ्या पानांहून जास्त रिटेक वाचवतं. नकाशावालीच्या पानावर पाच चित्रं असतील, प्रत्येकावर लाल फुली. मान सरळ काढलेली. नळी खांद्याला समांतर. वेणी पुढे घेतलेली. लांबच्या शॉटमध्ये पापण्या. आणि पाटीकडे बघताना डोळे मोठे केलेले. खाली लिहिलेलं: ‘तिला लांबचं दिसत नाही, ती डोळे बारीक करते.’